कॅव्हिएंगच्या बंदरात इंजिनं बंद करून थांबलेलं विमान: कोणी नीट समजावून सांगेल का?

भाच्याचा_मामा

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय.

भाच्याला तेराव्या वाढदिवसाला विमानाचं मॉडेल किट आणलं. कॅटलिना, दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन फ्लाईंग बोट, म्हणजे पाण्यावर उतरणारं विमान. म्हटलं महिनाभर गुंतून राहील, त्याचा मोबाईल सुटेल. झालं असं की तो चिकटवाचिकटवी करता करता प्रश्न विचारतो आणि उत्तरं शोधत मी बसतो, म्हणजे मोबाईल माझा सुटेना.

तर या कॅटलिनाची एक गोष्ट त्याला सांगितली आणि तिथेच अडकलोय. १५ फेब्रुवारी १९४४. पॅसिफिकमधल्या न्यू आयर्लंड बेटाच्या वरच्या टोकाला कॅव्हिएंग नावाचं बंदर आहे, तिथे जपान्यांचा मोठा तळ. अमेरिकेच्या ५ व्या एअर फोर्सच्या बॉम्बर विमानांनी त्यावर हल्ला केला आणि त्यातली काही खालून तोफांचा मार खाऊन बंदरातच पाण्यात पडली. नेव्हीचा एक लेफ्टनंट, नेथन गॉर्डन, आपली कॅटलिना घेऊन विटू बेटांजवळ (सांगलीच्या विट्याशी काही संबंध नाही, भाच्याने विचारलंच) घिरट्या घालत थांबला होता, त्याचं कामच ते, कोणी पडलं तर उचलायचं. त्याला निरोप मिळाला, तो थेट बंदरात शिरला, किनाऱ्यावरून तोफा चालू असताना तीन वेळा पाण्यावर उतरला, ९ जणांना उचललं, निघाला. आणि वाटेत परत निरोप की अजून ६ जण रबरी तराफ्यावर आहेत, किनाऱ्यापासून ६०० यार्डांवर, म्हणजे साडेपाचशे मीटर, आमच्या गेटपासून भाजीवाला तेवढा लांब आहे. हा पठ्ठ्या परत फिरला, चौथ्यांदा उतरला, सहाही जण घेतले आणि एकूण १५ माणसं घेऊन उडाला. मेडल ऑफ ऑनर, म्हणजे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं त्याला.

इथवर ठीक. पण वाचताना एक गोष्ट आली की माणसं आत घेण्यासाठी त्याने दोन्ही इंजिनं बंद केली. भाचा म्हणतो, "मामा, समोरून गोळ्या मारतायत आणि हा गाडी बंद करतो? आणि परत चालूच नसती झाली तर?" मी म्हटलं पेट्रोल वाचवायला असेल, तर माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू.

कोणाला माहीत असेल तर सांगा. इंजिन का बंद करावं लागतं? आणि लाटांवर एवढं जड विमान उतरतं कसं, उडतं कसं?

---

खारा_वारा

मामा, तुमच्या भाच्याचा प्रश्न बरोबर जागी लागलाय. विमानातलं मला कळत नाही पण पाण्यातलं थोडं कळतं, बारा वर्षं जहाजावर काढलीत.

दोर. सगळं दोराचं आहे. माझ्या पहिल्याच जहाजावर, जहाज नांगरावर उभं होतं, समुद्र आपल्या वाड्याच्या विहिरीसारखा शांत, आणि ड्रिलमध्ये आम्हाला लाइफजॅकेट घालून पाण्यात उतरवलं. चालत्या बोटीतून दोर टाकणार आणि आम्ही तो धरायचा, एवढंच. बोट चालली होती तीन नॉटने, म्हणजे रस्त्याने माणूस चालतो तेवढाच वेग. वाटलं काय त्यात. दोर हातात आला आणि पुढच्या सेकंदाला खांदा निखळतो की काय असं झालं, तोंड पाण्याखाली, नाकात पाणी, ओला दोर तळव्यातून सरकत गेला तो साल घेऊनच गेला. सोडून दिला मी. वय एकवीस, धडधाकट, पोटभर नाश्ता केलेला.

आता कॅव्हिएंगचा माणूस बघा. विमान पाण्यावर आपटलंय, कोणाचा हात मोडलाय, कोण भाजलाय, अंगावर बूट आणि कपडे ओले, पाण्यावर पेट्रोल तरंगतंय. त्याच्याकडे दोर टाकला तरी तो धरणार किती वेळ? आणि फ्लाईंग बोटीला पाण्यात ब्रेक नसतो. इंजिन नुसतं मंद चालू ठेवलं तरी पंखा तिला पुढे ओढतच राहतो. पाण्यात टाकायचे कापडी सी-अँकर असतात, त्याने वेग कमी होतो, पण थांबत नाही. म्हणजे माणूस दोर धरतो, विमान त्याला फरफटवतं, तो सोडतो, मग विमानाने वळसा घालून परत यायचं. आणि तोफेवाल्याला काय हवं, तुम्ही एकाच जागी गोल गोल फिरावं. त्यापेक्षा थांबून झटपट उचललेलं परवडलं. हा हिशोब वरच्यावर उलटा वाटतो, पण पाण्यातल्या माणसाच्या बाजूने बघितलं की सरळ आहे.

दुसरं, लाटांचं. त्या दिवशी तिथे वारा जवळजवळ पडलेला होता आणि दर्या मात्र फुगलेला, पंधरा फुटांच्या आसपासच्या लाटा म्हणतात. हे सगळ्यात वाईट जोडपं. आमच्याकडे मालवणला कोणाही होडीवाल्याला विचारा, वारा नसताना लांबून कुठून तरी आलेल्या त्या गुळगुळीत मोठ्या लाटा वरून दिसत नाहीत नीट, आणि खाली आलात की डोंगर. उतरताना विमान शक्यतो लाटेला समांतर, तिच्या पाठीवरून उतरवायचं असतं, समोरून घुसवलं तर नाक आत. आणि उडताना समोरून वारा असेल तर अर्धं काम वारा करतो. इथे तो नाही. म्हणजे तेवढा वेग सगळा इंजिनांनीच काढायचा, तोही वेग पुरेसा व्हायच्या आधीच लाट विमानाला वर फेकते, परत आपटतं, परत फेकते.

---

निवांत_काका

वाचनखूण साठवली. खारा_वारा, वेगळा लेख टाका राव ड्रिलवर.

---

नट_बोल्ट

वर छान सांगितलंय, मी फक्त यंत्राची बाजू घालतो.

मामा, भाच्याच्या किटमध्ये बघा, पंख बॉडीवर थेट बसलेला नाही, मध्ये एक जाड खांब आहे आणि पंख त्याच्यावर छत्रीसारखा. त्या खांबाच्या आत एक माणूस बसायचा! फ्लाइट इंजिनियर. छोटीशी खिडकी, समोर सगळी मीटरं. इंजिनं सुरू करणं, पेट्रोलचं मिश्रण बघणं, पंखाच्या टोकाचे तरंगे (फ्लोट) खाली-वर करणं ही त्याची कामं. (ते तरंगे हवेत असताना वर घडी होऊन पंखाचं टोकच बनतात. १९३० च्या दशकातलं डिझाईन आहे, मला अजून भारी वाटतं.) पायलट सांगणार आणि हा करणार. त्यामुळे गॉर्डनने इंजिनं बंद केली असं आपण म्हणतो तेव्हा त्या खांबात बसलेल्या माणसाचा विचार करा, त्याला बाहेरचं धड दिसत नाही, आवाज फक्त तोफांचा आणि मघापर्यंत डोक्याजवळ गर्जत असलेली दोन्ही इंजिनं एकदम गप्प.

इंजिनं होती प्रॅट अँड व्हिटनीची ट्विन वास्प, १२०० हॉर्सपॉवरची एकेक, १४ सिलिंडर. डाकोटा विमानालाही हेच घराणं. भरवशाचं इंजिन, तापलेलं असताना सहसा परत सुरू होतं. पण "सहसा" या शब्दावर बंदराच्या मध्यभागी बसायचं म्हणजे काय ते बघा. आणि त्याने हे एकदा नाही केलं.

आता वजन. १५ माणसं, ओले कपडे धरून माणशी ८० किलो धरा, १२०० किलो झाले, शिवाय स्वतःचा क्रू, मशीनगनी, पेट्रोल. आणि उतरताना ते पूर्ण स्टॉल करून उतरायचे, म्हणजे पाण्याच्या जरा वर नाक उचलून वेग इतका मारायचा की विमान उडणं सोडून देतं आणि धपकन बसतं. पाणी मऊ असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी विहिरीत सपाट पोटावर उडी मारून बघावी. अशा धपक्याने तळाच्या पत्र्याचे रिव्हेट उडतात. १९४५ मध्ये एड्रियन मार्क्स नावाच्या दुसऱ्या कॅटलिना पायलटचं असंच झालं, इंडियानापोलिस ही क्रूझर बुडाली होती आणि चार दिवस माणसं शार्कच्या पाण्यात तरंगत होती, हा उघड्या समुद्रात बारा फुटी लाटांवर उतरला, रिव्हेट उडाले, भोकांत पेन्सिली ठोकून पाणी अडवलं म्हणतात. त्याने ५६ जणांना उचललं, आत जागा संपली तेव्हा पंखांवर पॅराशूटच्या दोरीने बांधून ठेवलं. त्याचं विमान मात्र परत उडालंच नाही. तसंच तरंगत राहिलं, रात्री जहाज आलं, माणसं हलवली आणि विमान आपल्याच लोकांनी बुडवलं.

म्हणजे तुमच्या भाच्याचा "परत चालूच नसती झाली तर" हा प्रश्न थोडा बदलून विचारा: चालू होऊनही उडालंच नसतं तर?

---

शंकेखोर

माझं मत थोडं वेगळं आहे, कोणी अंगावर येऊ नये.

गोष्ट भारी आहे, वाद नाही. पण थंड डोक्याने बघा. कॅटलिनात सात-आठ-नऊ जणांचा क्रू. पहिल्या खेपेला ९ जण मिळाले, निघाले, सगळे जिवंत. आता सहा जणांसाठी त्या आधीच्या सगळ्यांना परत तोफांसमोर नेलं. एक गोळा टाकीत बसला असता तर दोन डझन माणसं गेली असती आणि मेडल सोडा, चौकशी झाली असती. आपण फक्त जमलेल्या गोष्टी वाचतो. ज्या कॅटलिना अशा उतरल्या आणि तिथेच राहिल्या त्यांच्यावर धागे निघत नाहीत. शिवाय आत बसलेल्या त्या नऊ जखमींना कोणी विचारलं का, बाबांनो परत जाऊया का म्हणून?

---

जुनी_वही

शंकेखोर, अंगावर येत नाही, पण दोन-तीन गोष्टी तुमच्या हिशोबात नाहीत म्हणून लिहितेय.

पहिली म्हणजे ते सहा जण मागे राहिले असते तर त्यांचं काय झालं असतं. कॅव्हिएंगमध्येच, बरोबर पुढच्याच महिन्यात, मार्च १९४४ मध्ये, जपानी नौदलाने नजरकैदेत ठेवलेल्या किमान २३ गोऱ्या नागरिकांना, सैनिक नव्हे, साधे नागरिक, "बोटीने दुसरीकडे नेतोय" म्हणून धक्क्यावर आणलं, एकेकाचा गळा आवळून मारलं आणि समुद्रात बुडवलं. त्यासाठी तिथल्या अ‍ॅडमिरल तामुराला १९४८ मध्ये हाँगकाँगला फाशी झाली. म्हणजे तराफ्यावरच्या लोकांसमोर "पकडले गेलो तर कैदी होऊ" एवढा साधा पर्याय नव्हता, आणि त्या भागात उडणाऱ्या सगळ्यांना नाव-गाव माहीत नसलं तरी एवढं माहीत होतं. आत बसलेल्या नऊ जणांनी काय उत्तर दिलं असतं याचा अंदाज मी तुमच्यावर सोडते. ते स्वतः तासाभरापूर्वी त्याच पाण्यात होते.

दुसरी, ही माणसं पाण्यात पडली का. कारण बी-२५ आणि ए-२० ही विमानं तिथे उंचावरून बॉम्ब टाकत नव्हती. जनरल केनीच्या ५ व्या एअर फोर्सने पद्धतच बदलली होती, नाकात मशीनगनी भरायच्या आणि झाडाच्या शेंड्यांवरून, जहाजाच्या डोलकाठीएवढ्या उंचीवरून घुसायचं. अचूकता वाढली, पण तेवढ्या खालून मार बसला की पॅराशूटला उंचीच नाही. समोर पाणी असेल तर पाण्यात टेकवायचं, संपलं. आता असं उडायला कोणाला सांगायचं असेल तर "पडलास तर कोणी तरी येईल" हेही द्यावं लागतं. म्हणून प्रत्येक मोठ्या हल्ल्याच्या वेळी कॅटलिना आधीच हवेत उभी ठेवायचे. त्या कामाला "डम्बो" म्हणायचे, १९४१ च्या त्या मोठ्या कानाच्या उडत्या हत्तीच्या कार्टूनवरून. कॅटलिना बघा, नाव बरोबर ठेवलंय. म्हणजे गॉर्डन वाट चुकून तिथे आलेला हीरो नव्हता, तो रांगेत लागलेली ड्युटी करत होता. एरवी त्यांचं स्क्वाड्रन, व्हीपी-३४, काळा रंग फासून रात्री जपानी जहाजं शोधत फिरायचं.

आणि तो एकटाही नव्हता. वर थंडरबोल्ट फायटर होते, बॉम्बरवाले सुद्धा पेट्रोल असेपर्यंत घिरट्या घालून खाली माणसं कुठे आहेत ते दाखवत होते आणि किनाऱ्यावरच्या तोफांची तोंडं बंद ठेवायला झडप घालत होते. तरी तोफा पूर्ण थांबल्या नाहीत.

गॉर्डनच्या अख्ख्या क्रूला सिल्व्हर स्टार मिळाला, ही गोष्ट सहसा राहून जाते. ब्लिस्टरमधून, म्हणजे मागच्या बाजूचे ते काचेचे फुगे असतात त्यांतून, अर्धं अंग बाहेर काढून माणसं ओढून घेणारे हात पायलटचे नव्हते.

---

शंकेखोर

मार्च १९४४ चं माहीत नव्हतं. मान्य, हिशोब बदलतो.

तरी चौथ्या लँडिंगवर माझी शंका अर्धी शिल्लक आहे आणि ती राहू द्या. गॉर्डनच्या जागी मी असतो तर तळावर जाऊन नऊ जण उतरवून परत आलो असतो, आणि तोपर्यंत ते सहा जण नसते, हेही मला कळतंय.

---

टेकडीवरचा

मस्त धागा. एक बाळबोध प्रश्न, पाणबुडी का नाही पाठवायचे? आणि आपल्याकडे हिंदुस्थानात तेव्हा असलं काही होतं का? माझी फ्लाईंग बोट म्हणजे गुजरातेत साबरमतीवरून सुरू झालेलं ते सीप्लेन, त्याच्या पलीकडे माहिती शून्य.

---

नट_बोल्ट

साबरमतीचं ते ट्विन ऑटर, खाली दोन लांबट तरंगे लावलेलं साधं विमान, म्हणजे फ्लोटप्लेन. फ्लाईंग बोट म्हणजे विमानाचं पोटच होडी. फरक फक्त शब्दाचा नाही, उघड्या समुद्रातल्या लाटा तरंग्यांच्या त्या काठ्या सहन करत नाहीत.

पाणबुड्या पाठवायचे की. "लाइफगार्ड" म्हणायचे. एप्रिल १९४४ च्या शेवटी ट्रुक बेटांवर हल्ला झाला तेव्हा टँग या एका पाणबुडीने २२ वैमानिक गोळा केले, आणि त्यातले काही तिच्यापर्यंत आणले एका छोट्या किंगफिशर फ्लोटप्लेनने. त्या विमानावर एवढी माणसं लटकली की उडणं शक्य नव्हतं, मग पायलटने त्याची सरळ होडी केली आणि पाण्यावरून चालवत पाणबुडीपर्यंत आला. पंखांवर ओळीने बसलेली माणसं, आपल्या टमटमसारखी. सप्टेंबर १९४४ मध्ये जॉर्ज बुश (थोरले, पुढे राष्ट्राध्यक्ष झाले ते) असेच समुद्रात पडले, त्यांनाही पाणबुडीनेच उचललं. पण कॅव्हिएंगसारख्या बंदराच्या आत, उथळ पाण्यात, भरदिवसा पाणबुडी वर आणणं म्हणजे कठीण. विमान निदान पाच-दहा मिनिटांत आत-बाहेर करतं.

---

जुनी_वही

टेकडीवरचा, हिंदुस्थानात होत्या. कराचीजवळ कोरंगी क्रीकला रॉयल एअर फोर्सचा फ्लाईंग बोटींचा तळ होता, मद्रासजवळ रेड हिल्स तलावावर कॅटलिना असायच्या, आणि सिलोनला (आताची श्रीलंका) कोग्गला.

कोग्गलाची गोष्ट मात्र उलटी. ४ एप्रिल १९४२ ला तिथून निघालेल्या कॅनडाच्या ४१३ स्क्वाड्रनच्या एका कॅटलिनाला सिलोनकडे येणारं जपानी विमानवाहू जहाजांचं आख्खं आरमार दिसलं. पायलट लिओनार्ड बर्चल. रेडिओवर संदेश पाठवत असतानाच जपानी झीरो फायटरनी गाठलं. विमान पाण्यात पडलं, नऊ जणांपैकी तीन गेले, पाण्यात असतानाही वरून गोळ्या चालू होत्या. उरलेल्या सहा जणांना जपानी विनाशिकेने उचललं आणि युद्ध संपेपर्यंत कैदेत ठेवलं. त्यांच्या संदेशामुळे कोलंबोला सावध व्हायला वेळ मिळाला, म्हणून बर्चलला "सेव्हिअर ऑफ सिलोन" म्हणतात. पण डम्बोसारखी हाकेला धावणारी दुसरी कॅटलिना तेव्हा नव्हती. १९४२ आणि १९४४ मधला फरक हाच.

अवांतर: जपानकडेही एमिली नावाची जबरदस्त चार इंजिनांची फ्लाईंग बोट होती, कावानिशी कंपनीची. युद्धानंतर त्याच कंपनीच्या वारसांनी पुढे जी बनवली ती आजची यूएस-२. २०१३ च्या जूनमध्ये पॅसिफिकमध्ये शिडाची बोट फुटून तराफ्यावर अडकलेल्या दोघांना या यूएस-२ ने तीन-चार मीटरच्या लाटांवर उतरून उचललं, पहिल्या विमानाला समुद्रामुळे उतरता आलं नव्हतं, दुसऱ्याने जमवलं. आपल्या नौदलासाठी हीच विमानं घ्यायची बोलणी वर्षानुवर्षं चालली, आणि नुसतीच चालली.

---

खारा_वारा

तीन मीटर म्हणजे दहा फूट. चार इंजिनं, आजचं तंत्र, आणि समोरून कोणी तोफ मारत नाही. त्यावरून १९४४ चे दोन इंजिनवाले मोजा.

बाकी तो गॉर्डन पुढे काय झाला?

---

भाच्याचा_मामा

वकील होता तो मूळचा, आर्कान्सा राज्यातल्या मॉरिल्टन गावचा. परत गावी गेला, निवडणूक लढवली आणि १९४७ ते १९६७, सलग वीस वर्षं आर्कान्साचा लेफ्टनंट गव्हर्नर होता. २००८ मध्ये गेला. विमानाचं नावही त्याने गावाकडचंच ठेवलेलं, "आर्कान्सा ट्रॅव्हलर". एसटीच्या मागे लिहिल्यासारखं.

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल रात्री खारा_वारांचा प्रतिसाद भाच्याला वाचून दाखवला. त्याने लगेच प्रयोग काढला, बाथरूममध्ये दोरीचं टोक साबणाच्या हाताने धरून उभा राहिला आणि मला म्हणाला मामा तू चालत जा. मी दोन पावलं टाकली, दोरी सुटली. "बरं, इंजिन बंद," म्हणाला, विषय संपला.

मग जुनी_वहींचा वाचला. त्यानंतर बराच वेळ गप्प होता. आता नवीन भानगड अशी की किटमध्ये ते मागचे काचेचे ब्लिस्टर उघडे किंवा बंद, कसेही लावायची सोय होती आणि याने गेल्या रविवारीच बंद चिकटवून टाकलेत. सकाळपासून माझं शेव्हिंगचं ब्लेड घेऊन ते सोडवत बसलाय, एक निघालाय, दुसऱ्याला तडा गेलाय. प्लॅस्टिकवर वाळलेला गोंद काच न फोडता कसा काढतात कोणाला माहीत आहे का?